बाकाच्या टोकाशी

१

शनिवारी सकाळची कॉफी झाली की मी किल्ली घेऊन निघते. चांगली वीतभर लांब लोखंडी किल्ली आहे. खिशात मावत नाही म्हणून कमरेला दोरीने बांधते, आणि चालताना ती मांडीवर आपटत राहते.

"मावशी, तुम्ही गल्लीत वळलात की आधी आवाज येतो," व्हिओरेल म्हणतो. "गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखा."

"गाय म्हणालास मला? ठीक आहे. एक दिवस तुझ्या दाराशी येऊन हंबरते की नाही बघ."

व्हिओरेल आमच्या चर्चची घंटा वाजवतो, आवारातलं गवत कापतो, सरकलेली कौलं सारखी करतो. तो रोमानियन, त्यांचं चर्च ओढ्यापलीकडे. पण घंटेचा दोर ओढण्याइतका धडधाकट गडी आम्हा सॅक्सन, म्हणजे इथल्या जुन्या जर्मन लोकांत उरलेला नाही. नव्वद साली रोमानियाची सरहद्द उघडली आणि वर्षभरात आमचं सगळं गाव, श्टाइनग्राबेन, जर्मनीला गेलं. माझी धाकटी बहीण रोझिनाही गेली. आई अंथरुणाला खिळली होती म्हणून मी राहिले, आणि आई गेल्यावर किल्ली कोणाकडे द्यायची हे कळेना म्हणून राहिले. आता लोक मला शूर म्हणतात. शूर कसली, मला प्रवासात बस लागते.

चर्च मात्र बघण्यासारखं आहे, हे मी नेहमी सांगते. आमच्या पूर्वजांनी आधी भिंती बांधल्या, त्यावर सपाट लाकडी छत टाकलं. मग तुर्क येणार अशी आवई उठली. तेव्हा भोवती तट बांधला, आणि ज्या बुरुजात घराघराचं खारवलेलं मांस टांगलेलं असायचं तो बुरूज बांधला. तुर्कांची भीती ओसरल्यावर हातात वेळ आला, तेव्हा कोणाला तरी शहरासारखं विटांचं कमानी छत हवंसं वाटलं. भिंतींना कोणी विचारलं नाही. तेव्हापासून त्या बाहेरच्या अंगाला कलत आल्या आहेत, आणि प्रत्येक पिढीने बाहेरून एकेक दगडी टेकू लावून आपली जबाबदारी पार पाडली आहे. सत्त्याहत्तरच्या भूकंपात मधल्या कमानीला तडा गेला. त्यावर गिलाव्याची एक पट्टी मारली. तडा वाढला तर पट्टी तुटेल आणि कळेल, असा हिशेब. पट्टी आजवर तुटलेली नव्हती.

त्या कमानी छताखाली, चर्चच्या मधोमध, बायकांचे बाक. त्यांना पाठ नाही. आमच्या पोशाखात पाठीवर इस्त्रीच्या फिती सोडलेल्या असतात, त्या चुरगळू नयेत म्हणून. पुरुष दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकून, लाकडी सज्ज्याखाली, पाठीच्या आसनांवर ऐसपैस बसायचे. त्यांना चुरगळण्यासारखं काही नव्हतं.

प्रत्येक बाईची जागा ठरलेली, आणि जागेवर तिची स्वतः भरतकाम केलेली चौकोनी गादी. वयाने मोठी ती पुढे वेदीजवळ, नवी नवरी सगळ्यांत मागे दाराशी. एक बाई गेली की तिची गादी शवपेटीत तिच्या डोक्याखाली जायची, आणि पुढच्या रविवारी तिच्या मागच्या सगळ्याजणी एकेक जागा पुढे सरकायच्या. जर्मनीला जाताना बायकांनी गाद्या नेल्या नाहीत. नेणार कुठे? त्यांची जागा इथे होती. तिकडे कोणी गेली की मला फोन येतो, मी तिची गादी काढते, कागदात गुंडाळून बसवाल्याबरोबर पाठवते आणि बाकीच्या एकेक पुढे सरकवते. मी जाईन त्या दिवशी गाद्या कोण सरकवणार, हा विचार मी करत नाही.

या वसंतात एका शनिवारी मी फडका घेऊन आत गेले आणि पहिल्या बाकापाशी थांबले. हेर्मिने गुनेशची गादी नव्हती. तिच्या मागच्या सगळ्या गाद्या एकेक जागा पुढे आलेल्या होत्या. नीट, कडेला कड लावून, जशा मी लावते तशा.

मी तशीच बाहेर आले. "व्हिओरेल! गादीला हात कोणी लावला?"

तो शिडीवर होता. "कसली गादी?"

"हेर्मिनेची. लाल गुलाबांची. नेलीस ना बायकोला दाखवायला?"

"मावशी, माझ्या घरी बसायला सोफा आहे. तुमच्या मेलेल्या बायांच्या गाद्या घेऊन काय करू?"

"हेर्मिने मेलेली नाहीये!"

"मग तिलाच विचारा की," तो म्हणाला आणि पुन्हा कौलाकडे वळला.

विचारायची गरज पडली नाही. दुपारी हेर्मिनेच्या सुनेचा न्यूरेंबर्गहून फोन आला. म्हातारी आदल्या रात्री झोपेतच गेली होती. मी चार शब्द बोलले आणि मग म्हणाले, "गादीचं जरा... शोधून पाठवते."

"गादी मिळाली की, आग्नेताकाकू," सून म्हणाली. "आईंच्या डोक्याखालीच होती. आम्हाला वाटलं तुम्हीच कोणाबरोबर तरी आधी पाठवली. खूप आभारी आहोत हं. फार शांत दिसत होत्या."

मी "असू दे, असू दे" म्हणाले आणि फोन ठेवला.

२

मी वेडसर बाई नाही. पंचवीस वर्षं दूध डेअरीत फॅट मोजण्याचं काम केलंय. म्हणून बसून विचार केला. हेर्मिने कधीतरी कोणाकडून गादी मागवून घेतली असेल. मीच दिली असेल आणि विसरले असेन. मीच सरकवल्या असतील. या वयात चष्मा कपाळावर असताना घरभर शोधते, तसंच काहीसं.

मग मे महिन्यात सारा ब्रेट्झची गादी गेली, आणि फोन नंतर आला.

त्यानंतर मी चर्चला कुलूप घातल्यावर किल्ली दोरीसकट उशीखाली ठेवू लागले. शिवाय आईने उंदरांसाठी केलं असतं तसं केलं. बाकांच्या मधल्या वाटेवर मक्याचं पीठ पातळ पसरलं. माणूस असो, मांजर असो, उंदीर असो, पाऊल उठल्याशिवाय राहणार नाही.

पुढच्या शनिवारी गाद्या जागच्या जागी होत्या. पीठ नव्हतं. म्हणजे होतं, पण वाटेच्या दोन्ही कडांना सरकलेलं, मऊ, वळणावळणाच्या रेघांत. एकही पाऊल नाही. मी बराच वेळ त्या रेघा बघत उभी राहिले. आमच्या लहानपणी घरची जमीन मातीची होती. आई पायघोळ परकर नेसून चुलीपासून दारापर्यंत गेली की मागे अशाच रेघा उठायच्या. आजी तिला म्हणायची, केरसुणीची गरज काय तुला.

वाऱ्याने सरकलं असेल, असं मी ठरवलं. दाराखाली फट आहेच.

तेवढं ठरवून झालं आणि मी बाहेर पडून दार ओढून घेतलं. किल्ली फिरवणार तोच आतून आवाज आला. भर दुपार होती, तटावर कबुतरं घुमत होती, ओढ्याशी कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता, त्यामुळे आवाजाचा भास होण्यासारखी शांतता मुळीच नव्हती. आवाज मी जन्मभर ऐकलेला होता. बाकांवर बसलेल्या बायका एकदम उठल्या की लाकूड जसं एक सुस्कारा टाकतं, तो. आणि पाठोपाठ कांजी केलेल्या कापडाची सळसळ, बरीच, दाराकडे नाही तर आडवी, उत्तरेकडच्या भिंतीकडे जाणारी. मग काही नाही.

मी किल्ली फिरवली. घाबरले होते, हे खोटं कशाला सांगू. पण त्या भीतीत दुसरंही काही होतं, आणि तेही सांगितलं पाहिजे. पस्तीस वर्षं मी रविवारी त्या बाकांवर एकटी बसत आले आहे. महिन्यातून एकदा शहरातून पाळक येतात, तेव्हा आम्ही चारपाच डोकी असतो, नाहीतर मी, पुस्तक आणि बाहेर दोर ओढणारा व्हिओरेल. एकटीनेच गीत म्हणायचं आणि एकटीनेच आमेन म्हणायचं. तो आवाज ऐकून मला वाटलं, कोणीतरी आहे. मला बरं वाटलं. घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं, आणि घरी गेल्यावर मी दाराला कडी घातली.

३

ऑगस्टमध्ये गावकऱ्यांचा मेळावा ठरला होता. जर्मनीहून दोन बसगाड्या भरून माणसं येणार होती. आणि रोझिना येणार होती.

पस्तीस वर्षांत ती एकदाही आली नव्हती. आधी तिचा नवरा आजारी, मग तिचे गुडघे, मग तिचं हृदय. दर रविवारी फोनवर भेटायचो. आमच्यात एकदाही नीट भांडण झालं नाही, हीच तक्रार. भांडायला समोर माणूस लागतं. मी घर रंगवलं, तिच्या पलंगाची गादी उन्हात टाकली, आलुबुखारच्या मुरंब्याच्या बरण्या खाली काढल्या. चर्चमध्ये तिची जागा माझ्या बरोब्बर मागच्या बाकावर, टोकाला. मी तिची निळ्या पक्ष्यांची गादी ब्रशने घासून लख्ख केली.

मेळाव्याच्या आधीच्या शनिवारी दार उघडलं तर बाक उघडे होते.

सगळे. एकही गादी नाही. इतक्या वर्षांत त्या बाकांचं नागडं लाकूड मी पाहिलं नव्हतं. जिथे गाद्या असायच्या तिथे ते फिकट होतं.  मग उत्तरेच्या भिंतीकडे नजर गेली. सज्ज्याखाली, पुरुषांच्या आसनांवर, बायकांच्या सगळ्या गाद्या मांडलेल्या होत्या. क्रमाने. मोठी पुढे, धाकटी मागे. रोझिनाचे निळे पक्षी माझ्या गादीमागे.

बाई पुरुषांच्या आसनावर बसत नाही. कोणी बंदी घातलेली नाही, पण बसत नाही. तापाने फणफणलेली असली तरी बसत नाही. आणि गादी बाकावरून गेली की बाई गेली, हे या वर्षी मला दोनदा कळलेलं होतं. आता सगळ्याच बाकांवरून गेल्या होत्या.

दोन बसगाड्या. कार्पेथियन डोंगरांतला घाट. मी तिथेच जमिनीवर बसले.

घरी येऊन रोझिनाला फोन लावला.

"येऊ नकोस," मी म्हणाले.

"काय?"

"पाऊस फार आहे. रस्ते खचलेत."

"ताई, मी टीव्हीवर तुमच्याकडचं हवामान बघते. कडक ऊन आहे."

"तुझ्या हृदयाला झेपायचं नाही. पुढच्या वर्षी ये."

"पस्तीस वर्षं 'ये गं, ये गं' करून माझं डोकं खाल्लंस. बॅग भरली, नवीन बूट घेतले, डॉक्टरला गोड बोलून परवानगी मिळवली, आणि आता येऊ नको? घर रंगवून झालं नाही म्हणून लाज वाटतेय का?"

"घर रंगवलंय."

"मग कोणता रंग?"

"पिवळा."

"पिवळा!" ती ओरडली. "आईला पिवळा रंग डोळ्यासमोर नको असायचा. मी येतेय. येऊन आधी त्यावरून भांडते." आणि तिने फोन ठेवला.

मी तिला काय सांगणार होते? की गाद्या सरकल्या म्हणून तू मरशील? ती हसली असती आणि बसमध्ये सगळ्यांना सांगितलं असतं.

४

बसगाड्या शुक्रवारी संध्याकाळी सुखरूप आल्या. रोझिना पायऱ्यांवरून उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. आईच उतरतेय असं वाटलं. मिठी मारली तर तिची हाडं लागली. "जाड झालीस," ती मला म्हणाली. तिने घराकडे बघितलं, पिवळ्या रंगाबद्दल काही बोलली नाही आणि रडायला लागली. मग मीही रडले. व्हिओरेल तिच्या बॅगा धरून उगाच आकाशाकडे बघत राहिला.

शनिवारी सकाळी मी एकटीच चर्चमध्ये गेले. गाद्या भिंतीशीच होत्या. मी स्वतःची समजूत घातली. घाट पार पडला. माणसं आली, धडधाकट आहेत, रात्री चौकात नाचली. म्हणजे गाद्यांचा अर्थ मी लावला तो नव्हता, किंवा अर्थच नव्हता. आणि उद्या या सगळ्याजणी नटून थटून आत येणार, त्यांना त्यांच्या गाद्या पुरुषांच्या आसनांवर दिसल्या तर मला काय म्हणतील? पस्तीस वर्षं किल्ली सांभाळली आणि एवढंही कळत नाही, असंच ना? मी एकेक गादी उचलून बाकावर परत नेली. क्रम कुठे चुकला नाही. वर पाहिलं, तड्यावरची गिलाव्याची पट्टी शाबूत होती.

रविवारी पहाटे पुन्हा गेले. गाद्या पुन्हा भिंतीशी. मला राग आला. भीती वाटायला हवी होती, पण रागच आला. "बायांनो, आज नको," मी मोठ्याने म्हणाले. "आज पाहुणे आहेत." आणि धापा टाकत सगळ्या गाद्या पुन्हा बाकांवर नेल्या.

५

घंटा झाली. व्हिओरेलने त्या दिवशी जीव ओतून दोर ओढला. बायका आत आल्या आणि जी ती आपापल्या जागी कशी गेली, हे बघून माझे डोळे भरून आले. कोणाला दाखवावं लागलं नाही. पाय आपोआप गेले. योहाना थाइल तर जर्मनीत तीन घरं बदललेली बाई, कुठल्याच घरात तिला दिव्याचं बटण सापडत नाही म्हणते. पण इथे ती थेट आपल्या गादीवर जाऊन बसली.

"गादी टणक झालीय," ती कुरकुरली.

"बूड मऊ झालंय तुझं," मी म्हणाले. मागे रोझिना फिसकन हसली.

पाळकांनी प्रार्थना म्हटली. गीत झालं. इतक्या गळ्यांतून ते गीत कमानीवर चढताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग पाळक प्रवचनपीठाच्या पायऱ्या चढले आणि बोलू लागले. मी हात मांडीवर ठेवून ऐकत होते, आणि माझ्या डाव्या अंगाला कोणीतरी येऊन उभं राहिलं.

आमच्यात एक रीत आहे. चुकून कोणी दुसरीच्या जागेवर बसलं तर जिची जागा ती काही बोलत नाही. चर्चमध्ये बोलायचं नाही. ती बाकाच्या टोकाशी येते, हात पुढे जुळवते आणि उभी राहते. बसलेलीने वर बघायचं नाही, विचारायचं नाही, उठायचं आणि जायचं. लहान असताना मी एका म्हाताऱ्या काकूच्या जागेवर लाडाने बसले होते. ती येऊन उभी राहिली होती, तेव्हाचा तो गरम लाजेचा लोळ अजून आठवतो. त्यानंतर आयुष्यात कधी मी कोणाच्या जागेवर बसले नाही.

डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसला तो काळा परकर. बारीक चुण्यांचा, कांजी केलेला, अगदी ताठ. त्याच्यापुढे जुळवलेले हात, आणि हातात घडी घातलेला पांढरा रुमाल. बिहीच्या फळाचा वास आला. आमच्याकडे कपड्यांना वास लागावा म्हणून कपाटात ही पिवळी, सुवासिक फळं ठेवत असत.

उशिरा आलेली कोणी असेल, मी मनात म्हटलं. बाई, ही माझी जागा आहे. गादी मी दोनदा लावली आहे.

ती हलली नाही.

मी नजर खाली ठेवून जरा पुढे बघितलं. समोरच्या बाकाच्या टोकाशीही एक परकर होता. त्याच्या पुढच्या बाकाशीही. वाटेच्या पलीकडेही. प्रत्येक बाकाच्या टोकाशी एकेक, हात जुळवून. वर बघण्याची माझी छाती झाली नाही. पुढे पाळक बोलत होते, त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पुरुषांपैकी एकजण जांभई देत होता. म्हणजे त्यांना दिसत नव्हतं. मग मलाही दिसत नसेल, असं मी स्वतःला बजावलं. आणि ते बजावत असतानाच माझे गुडघे उठले.

खरंच सांगते, मी उठले नाही, गुडघे उठले. अशा वेळी उठायचंच असतं. माझ्याबरोबर समोरची उठली. योहाना उठली. पर्स सावरत, तोंडातल्या तोंडात "माफ करा, माफ करा" पुटपुटत आख्खे बाक उठले, आणि लाकडाने तो सुस्कारा टाकला. मी कुलूप लावताना दुपारी ऐकलेला, तोच. मग परकरांची सळसळ, आडवी, उत्तरेकडच्या भिंतीकडे. रोझिनाने मागून माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

पाळक वाक्याच्या मधोमध थांबले. पुरुष ताडकन उठून जागा देऊ लागले. "अगं, माझ्या मांडीवर बसतेस की काय," कोणी म्हातारा म्हणाला, कोणी हसलं.

ते हसणं संपायच्या आत वरून चुन्याची बारीक धूळ पडली. मग एक वीट. मग एक आख्खी कमान आपल्या फासळ्यांसकट खाली आली, बायकांच्या बाकांवर, पहिल्या ओळीपासून जवळजवळ शेवटच्यापर्यंत. पट्टी मारलेला तडा होता तसाच राहिला. पडली ती त्याच्या शेजारची, जिच्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं.

आवाजाचं मला आठवत नाही. आठवतं ते त्याआधीचं. वीट पडली तेव्हा मी भिंतीशी टेकून बाकांकडे वळून बघितलं होतं. बाक रिकामे नव्हते. पांढऱ्या रुमालांची डोकी, ताठ पाठी आणि पाठीवर सोडलेल्या फिती, एकही चुरगळलेली नाही. आपापल्या जागी बसल्या होत्या. कोणी वर बघत नव्हतं.

मग धूळ.

६

कोणाला खरचटलंही नाही. योहानाचा चष्मा हरवला आणि तो तिच्याच डोक्यावर सापडला.

आवारात सगळे खोकत, रडत, एकमेकांना चाचपत होते. पाळकांनी प्रत्येकीला विचारलं, तुम्ही उठलात कशा? "पुढची उठली म्हणून मी उठले," सगळ्याजणी हेच म्हणाल्या. योहाना म्हणाली, उकडत होतं. एकीने सांगितलं की तिला लघवीला जायचं होतं. कोणी दुसरं काही बोललं नाही, आणि कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. व्हिओरेल बुरुजावरून धावत आला, त्याने आधी मला शोधलं, खांद्याला धरून हलवलं आणि म्हणाला, "घंटेचं काही चुकलं का माझं? जोरात ओढली का मी?"

"नाही रे बाळा," मी म्हणाले. "छान वाजवलीस."

संध्याकाळी रोझिना आणि मी स्वयंपाकघरात बसलो. मी आलुबुखारची दारू काढली. एरवी डॉक्टरचं नाव सांगणारी रोझिना पेला पुढे करून बसली. 

"ताई," ती शेवटी म्हणाली, "माझ्या बाकाशी जी उभी होती ना."

मी पेल्याकडे बघत राहिले.

"तिची करंगळी वाकडी होती. उजव्या हाताची."

आईची करंगळी विळ्याने तुटता तुटता वाचली होती, ती वाकडीच जुळली. कणीक मळताना ती कधी आत वळायची नाही.

"वर बघितलंस का?" मी विचारलं.

"तूच तर शिकवलंस, बघायचं नाही म्हणून." तिने पेला संपवला. "पिवळ्या रंगाचं काही म्हणाली नाही बाई. म्हणजे चालत असेल."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मग मी तिचा हात धरला आणि उशिरापर्यंत सोडला नाही. मला माझी बहीण परत मिळाली होती, कमानीखालून. त्याबद्दल ज्यांचे आभार मानायचे त्यांचे कसे मानायचे, हे मला कळत नव्हतं.

७

रोझिना सप्टेंबरपर्यंत राहिली आणि मग गेली. दर रविवारी फोन येतो. आवाज ठणठणीत आहे.

चर्च आता बंद आहे, आत लाकडी टेकू लावलेत. शहरातले लोक येऊन मोजमाप करून गेले. मला शेवटच्या दोन ओळींपर्यंत जायची परवानगी आहे, तेवढेच बाक वाचलेत. ढिगाऱ्यातून गाद्या काढून मी धुतल्या, वाळवल्या आणि त्या दोन बाकांवर दाटीवाटीने मांडल्या.

ऑक्टोबरात एका शनिवारी ठरवलं, आज आभार मानायचे. धुतलेला ॲप्रन बांधला, बागेतली शेवटची शेवंती घेतली आणि दुपारच्या उन्हात आत गेले. बोलायचं काय ते घरून जुळवून नेलं होतं, पण आत गेल्यावर एक शब्द सुचेना.  मी शेवटल्या बाकाच्या टोकाशी उभी राहिले, हात पुढे जुळवले, मान खाली घातली आणि मनातल्या मनात म्हटलं, माझ्या रोझिनाला वाचवलंत. आमच्या सगळ्यांना वाचवलंत. देव तुमचं भलं करो.

तेव्हा बाक करकरला.

पलीकडच्या टोकापासून सुरुवात झाली. एक करकर, मग अलीकडे एक, मग अजून अलीकडे. हळू, दाटीत बसलेली माणसं कोणासाठी तरी सरकतात तशी. शेवटची करकर माझ्या मांडीच्या अगदी शेजारी झाली आणि थांबली. मी नजर वर केली नाही. खाली बाकावर बघितलं. गाद्या सगळ्या पलीकडे सरकलेल्या होत्या, आणि माझ्या समोर एका बाईला बसता येईल एवढं रिकामं लाकूड होतं.

टोकाशी हात जुळवून उभं राहण्याचा आमच्यात एकच अर्थ होतो. तो मी विसरले होते.

बिहीचा वास येत होता. घाई कोणालाच नव्हती.

"आज नाही, बायांनो," मी म्हणाले.  "आज नुसते आभार मानायला आले होते. रोझिना ख्रिसमसला येतेय. मला अजून भिंती रंगवायच्या आहेत, पिवळ्या सोडून कुठल्यातरी."

मी शेवंती त्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि पाठ न फिरवता, पाऊल पाऊल मागे सरकत दारापर्यंत आले. आतून हालचाल झाली नाही. किल्ली फिरवली.

शनिवारी मी अजून जाते. बाक पुसते, गाद्या झटकते. त्या सरकलेल्या आहेत तशाच आहेत, मी त्यांना परत ओढत नाही. टोकाची तेवढी जागा मात्र पुसावी लागत नाही. तिथे धूळ बसत नाही.